पाण्याचा ताळेबंद: गाव आपलं पाणी कसं मोजतं आणि कसं वाटून घेतं

गेल्या काही वर्षांत अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतींवर एक तक्ता रंगवलेला दिसतो. वर मोठ्या अक्षरांत ‘गावाचा पाण्याचा ताळेबंद’, खाली दोन रकाने: उपलब्ध पाणी आणि लागणारं पाणी. आकड्यांपुढे ‘टीसीएम’ अशी तीन अक्षरं आणि शेवटच्या ओळीत तूट किंवा शिल्लक. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने सात राज्यांत अटल भूजल योजना सुरू केली. महाराष्ट्रातले १३ जिल्हे त्यात आले आणि गावोगावी हे तक्ते लागले. पारावर बसलेला माणूस तो तक्ता रोज बघतो. पण ‘तूट १८० टीसीएम’ वाचून त्याने उद्या शेतात काय वेगळं करायचं, हे भिंत सांगत नाही.

खरं तर हा हिशेब चौथी-पाचवीतल्या गणिताचा आहे. तो नीट समजला, तर उन्हाळ्यात टँकर का येतो, शेजाऱ्याची विहीर आटली तर आपली का आटते, आणि हिवरे बाजारसारखं कमी पावसाचं गाव तग कसं धरतं, हे सगळं उलगडतं. म्हणून अगदी मुळापासून सुरुवात करू.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी?

एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडलं, की एक मिलिमीटर पाऊस झाला. एक एकर म्हणजे ढोबळमानाने ४ हजार चौरस मीटर. म्हणजे एका मिलिमीटरला एकरावर ४ हजार लिटर पाणी पडतं. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली, की एकरावर एक लाख लिटर.

आता समजा, एक गाव आहे. शिवार २,५०० एकरांचं, म्हणजे हजार हेक्टर. लोकसंख्या १,२००. पर्जन्यछायेतलं गाव, वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर. नगर, सोलापूर, सांगलीच्या पूर्व भागात अशी गावं पुष्कळ आहेत. या शिवारावर वर्षभरात ४०० कोटी लिटर पाणी पडतं. एवढी शून्यं लिहायची कटकट नको म्हणून ‘टीसीएम’ हे माप वापरतात. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच १० लाख लिटर. आपल्या गावावर ४,००० टीसीएम पाऊस पडला.

या गावाला प्यायला आणि घरात वापरायला किती लागतं? ग्रामीण नळपाणी योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरतात. १,२०० माणसांचं वर्षाचं पाणी होतं २४ टीसीएम. पडलेला पाऊस त्याच्या दीडशे पटींहून जास्त आहे. आणि तरीही अशाच गावांत एप्रिलमध्ये टँकर येतो. ताळेबंद मांडायचा तो या कोड्याचं उत्तर शोधण्यासाठी.

चारशे कोटी लिटर जातात कुठे?

बरंचसं पाणी हवेत परत जातं. तापलेली जमीन, झाडंझुडपं, गवत, उभं पीक, सगळे मिळून निम्म्याहून अधिक पाऊस वाफेच्या रूपाने परत पाठवतात. हे सगळंच वाया गेलं असं मात्र म्हणता येणार नाही, कारण खरिपाची बाजरी, मूग, तूर याच ओलाव्यावर वाढतात. काही पाणी मातीत राहतं आणि भारी काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीला त्याचाच आधार असतो. काही ओढ्या-नाल्यांनी वाहून शिवाराबाहेर जातं. उरलेलं खाली मुरतं, आणि विहिरीत आपण बघतो ते हेच.

मुरणारा हा भाग किती? महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. या खडकात पावसाचा साधारण दहावा भाग मुरतो, असं हिशेबाला धरायला हरकत नाही. कुठे सात टक्के, कुठे तेरा. आपल्या गावात मग ४०० टीसीएम पाणी मुरलं. पाझर तलाव आणि बंधाऱ्यांत आणखी १५० टीसीएम साठलं असं धरू. ४,००० टीसीएम पडलं, दिवाळीला हाताशी राहिलं ५५०. पुढचा पाऊस येईपर्यंतचा सगळा कारभार एवढ्यावरच भागवायचा.

विहीर भरली म्हणजे किती पाणी आलं?

इथे जवळजवळ प्रत्येकाचा अंदाज चुकतो. पावसाळ्यानंतर विहिरीला पंधरा फूट पाणी दिसतं आणि वाटतं, जमिनीखाली सगळीकडे पंधरा फूट पाण्याचा साठा आहे. तसं नसतं. विहीर पोकळ आहे, तिच्या भोवतीचा खडक पोकळ नाही. घमेलंभर खडी घ्या आणि त्यात पाणी ओता. पाणी काठापर्यंत लवकर येतं, कारण जागा बहुतेक खडीनेच व्यापलेली असते. पाणी फक्त फटींत बसतं. बेसाल्टमध्ये या फटी खडीपेक्षाही कितीतरी कमी. मुरमाड, झिजलेल्या थरात १०० घनमीटर खडकातून साधारण दोनच घनमीटर पाणी आपल्याला उपसता येतं.

याचा अर्थ असा: एका एकराखालची पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली, तर त्या एकरातून फक्त ८० हजार लिटर पाणी मिळालं. वाढते तेव्हाही तसंच. म्हणूनच आमच्याकडच्या विहिरी श्रावणात झपाट्याने भरतात आणि पौषात तितक्याच झपाट्याने तळ गाठतात. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत खाली मोठा साठा असतो, दोन वर्षं पाऊस हुकला तरी त्याचा आधार मिळतो. काळ्या पाषाणाला तेवढं पोटच नाही. त्याच्याकडे असतं ते बहुतेक यंदाचंच पाणी, आणि फार तर थोडं गेल्या वर्षीचं.

एक एकर पिकाला किती एकरांचं पाणी लागतं?

या लेखातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा. चारशे मिलिमीटर पावसाचा दहावा भाग म्हणजे ४० मिलिमीटर. एका एकरात वर्षाला मुरतात १ लाख ६० हजार लिटर.

हरभऱ्याला हंगामात एकरी सुमारे १० लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे एक टीसीएम. एक एकर हरभरा पूर्ण विहिरीवर घ्यायचा, तर सहा एकरांवर मुरलेलं पाणी हवं. गव्हाला एकरी १८ लाख लिटरच्या आसपास, त्याला अकरा एकर हवेत. ऊस वर्षभर शेतात उभा असतो आणि पाटाने दिला तर एकरी ८० लाख लिटर पितो. एक एकर उसाला लागतं पन्नास एकरांवर मुरलेलं पाणी.

ज्याच्याकडे पाच एकर जमीन आहे, त्याच्याकडे हे पन्नास एकर कुठून येतात? शेजाऱ्याच्या कोरडवाहू रानातून, गायरानातून, डोंगरावरच्या वनजमिनीतून, गावठाणाखालून. पाणी खडकातल्या फटींतून वाहत त्याच्या विहिरीत येतं. त्यात त्या शेतकऱ्याने कुणाची चोरी केली असं नाही, खडकाची रचनाच तशी आहे. पण आपल्या विहिरीतलं पाणी फक्त आपल्याच जमिनीतलं आहे हे मनातलं गृहीत इथे कोसळतं. सात-बाऱ्यावर विहीर एकाच्या नावावर लागते, तिच्यात येणारं पाणी मात्र गावभरातून येतं.

जावक मांडताना क्रम महत्त्वाचा

आता आपल्या गावाच्या ५५० टीसीएमचं काय करायचं? आधी माणसांचे २४ टीसीएम बाजूला. मग जनावरं: ६०० मोठी जनावरं रोज ६० लिटरप्रमाणे वर्षाला १३ टीसीएम पाणी पितात. तलावातून उन्हाने उडून जाणारं पाणी आणि पुढच्या वर्षासाठी राखीव साठा मिळून ५० टीसीएम ठेवू. ते वजा जाता शेतीला उरले सुमारे ४६० टीसीएम.

एवढ्या पाण्यावर ४६० एकर हरभरा होतो. किंवा २५५ एकर गहू. किंवा ५७ एकर ऊस. मिसळ करूनही चालेल: थोडा कांदा, थोडा चारा, थोडी ज्वारी. ज्वारीचा मोठा भार जमिनीतला ओलावाच उचलतो. गणित गावाला अमुक एक पीक घ्या असं सांगत नाही, एकूण बेरीज ४६० च्या वर जाऊ देऊ नका इतकंच सांगतं.

गेली तर काय होतं, तेही यातच दिसतं. अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी २४ टीसीएम, म्हणजे तीन एकर उसाएवढं. गावात साठ एकर ऊस लागला, की हिशेब जेमतेम तुटतो. पण तुटीचा घाला उसावर पडत नाही. मोटार खोल असते, ऊस वाचतो. आटतात त्या उथळ विहिरी आणि गावाचा आड. टँकर येतो तो बायकांच्या हंड्यांसाठी, आणि शेजारच्या फडात मोटार चालूच असते. दुष्काळाच्या बातमीत पावसाचा आकडा छापून येतो, हा दुसरा आकडा क्वचितच येतो. माझ्या मते अर्धा दुष्काळ या न छापलेल्या आकड्यात असतो.

म्हणून ताळेबंद मांडण्याची वेळही महत्त्वाची. मे महिन्यात मांडला तर तो पंचनामा होतो. पावसाळा संपल्यावर, रब्बीची पेरणी व्हायच्या आत, शेतकऱ्याने बियाणं घेण्याआधी मांडला, तरच त्याने काही बदलतं.

हिवरे बाजारने काय केलं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. डोंगरावरची झाडी, गावात परतलेली कुटुंबं, बंगले, हेच सहसा सांगितलं जातं. त्यामागची घडी कमी सांगितली जाते.

१९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं होतं. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसं मजुरीला बाहेर पडली, गावात दारू शिरली. १९८९ मध्ये एम. कॉम. झालेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढे गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं. त्या योजनेची पंचसूत्री अशी: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, माती अडवणारे बांध, बंधारे झाले. बराचसा पैसा रोजगार हमीसारख्या सरकारी योजनांचाच होता. तोच पैसा इतर गावांतही येत होता.

फरक पडला तो पुढच्या पायरीवर. पाणी अडल्यावर गावाने ते खर्चण्याचे नियम केले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस, केळी यांसारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरावीक विहिरींची पातळी मोजली जाते, आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत सगळ्यांसमोर हिशेब मांडून कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरतं. २००४ पासून हे दर वर्षी चालू आहे. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची रब्बी पिकं टाळायची, असं गाव आधीच ठरवतं. उभं पीक जळताना बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि उत्पन्न? चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढलं. जनावरं सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचं. त्या चाऱ्यावर दूध वाढलं: नव्वदच्या दशकात रोज दीडशे लिटरच्या आसपास असलेलं गावाचं दूध पुढे चार हजार लिटरच्या घरात गेलं. कमी पाण्यात जास्त पैसा देणारा मार्ग गावाला चाऱ्यात सापडला, आणि चाऱ्याची सुरुवात डोंगरावर जनावरं न सोडण्याच्या एका शिस्तीतून झाली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. या गावाची खरी कमाई मला विचाराल, तर ऑक्टोबरातली ती ग्रामसभा.

‘माझी जमीन, माझी विहीर, गाव कोण सांगणारं?’

हा आक्षेप कायद्याच्या भाषेतही मजबूत आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी काढण्याची मुभा मानली गेली. तो काळ मोटेचा होता. बैल दमले की उपसा थांबायचा, आणि त्या वेगाने शेजाऱ्याच्या विहिरीला फारसा धक्का लागत नव्हता. पाणबुडी मोटारीने तो निसर्गतःच असलेला लगाम काढून टाकला.

महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा स्वतंत्र कायदा केला आणि २०१४ मध्ये तो लागू झाला. शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. अधिसूचित क्षेत्रात पाण्यावर आधारित पीकआराखडा करण्याची तरतूदही आहे. तरीही पाचशे-सातशे फुटांच्या बोअर गावोगावी सर्रास पडतात. प्रत्येक बांधावर सरकार पहारा ठेवू शकणार नाही, हे उघड आहे. तो पहारा शेजारीच ठेवू शकतो, आणि शेजाऱ्याने तो भांडण न करता ठेवावा असं वाटत असेल, तर नियम ठरवताना दोघेही सभेत बसलेले असले पाहिजेत.

त्यात २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याचा खर्च कमी झाला याचा आनंद आहेच. पण विजेच्या बिलामुळे मोटार बंद करण्याचं एक कारण होतं, तेही गेलं. आता हात आवरायला लावणारी गोष्ट गावाने मिळून केलेला हिशेब, हीच उरते.

‘बंधारे वाढवा, चर खणा. पीक कशाला बांधून घालता?’

राज्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जलयुक्त शिवारापासून श्रमदानाच्या स्पर्धांपर्यंत पाणी अडवण्याचं मोठं काम झालं. लोकांनी उन्हात घाम गाळला, आणि त्या कामाचा मला मनापासून आदर आहे. पण वर पाहिलं तसं, काळ्या पाषाणाला पोट लहान आहे. चर खणून मुरणारं पाणी दहाव्या भागावरून वाढवता येतं, दुप्पट करता येईलच असं नाही. समजा आपल्या गावाने जिद्दीने ४०० चे ५०० टीसीएम मुरवले. १०० टीसीएमची ही कमाई म्हणजे साडेबारा एकर ऊस. विहिरीला पाणी वाढलं हे बघून पहिल्याच वर्षी पाच-सहा जणांनी दोन-दोन एकर ऊस लावला, की सगळ्या गावाच्या श्रमदानाचं पाणी त्यांच्या फडात गेलं. दुसऱ्या वर्षी टँकर पुन्हा हजर. अशी गावं महाराष्ट्रात कमी नाहीत, आणि लोकांचा श्रमदानावरचा विश्वास उडतो तो इथेच.

‘ठिबक लावलं की झालं!’

ठिबकने पाणी वाचतं यात शंका नाही. एकरी गरज बरीच खाली येते. प्रश्न वाचलेल्या पाण्याचा आहे. एका एकराच्या पाण्यात दीड एकर भिजतं असं दिसलं, की माणूस दीड एकर लावतो. त्याच्या बाजूने ते अगदी रास्तच आहे. पण गावाच्या जावकीच्या रकान्यात आकडा तसाच राहतो. त्यात पाटाने दिलेल्या पाण्यातलं थोडं पुन्हा खाली मुरत होतं, तेही आता थांबतं. ठिबक जरूर लावावं. ताळेबंदात ते ‘एकूण क्षेत्र किती’ या ओळीसोबत मोजलं, तरच त्याची बचत खरी.

‘ऊस सोडून शेतकऱ्याने खायचं काय?’

सगळ्या आक्षेपांत हाच सगळ्यांत खरा आहे. उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे, कारखाना तोड पाठवतो, पीक सहसा दगा देत नाही. कांद्याचा भाव एका आठवड्यात कोसळतो. हरभऱ्याला हमीभाव कागदावर असतो, खरेदी केंद्र वेळेत उघडेल याची खात्री नसते. अशा बाजारात ‘कमी पाण्याचं पीक घ्या’ असा उपदेश शहरातून करणं अन्यायाचं आहे. ताळेबंदाने बाजार सुधारत नाही, ही त्याची मर्यादा मान्य केली पाहिजे. गावाने पाणी वाचवायचं आणि सरकारने त्या पिकाची खरेदी टाळायची, असं चाललं तर चांगली ग्रामसभाही तीन वर्षांत थकेल. दूध, चारा, रोपवाटिका, भाजी अशी जोड जिथे सापडली, तिथेच पाण्याचे नियम टिकले.

‘तिथे पोपटराव होते. आमच्याकडे कोण आहे?’

चांगलं नेतृत्व मिळालं तर काम सोपं होतं, हे खरंच आहे. पण दोन उदाहरणं वेगळ्या वाटेची आहेत.

पहिलं अखंड आंध्र प्रदेशातलं. तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत या शतकाच्या पहिल्या दशकात शेकडो गावांतले शेतकरी, बायका आणि पुरुष दोन्ही, स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायला शिकले. रब्बीच्या तोंडावर गावात हिशेब मांडला जायचा. बंदी कसलीच नव्हती, दंड नव्हता, अनुदानही नव्हतं. आकडे समोर ठेवायचे, मग ज्याने त्याने आपलं ठरवायचं. अनेक गावांत उन्हाळी भाताचं क्षेत्र आपोआप घटलं आणि कमी पाण्याची पिकं वाढली. आपल्या हाताने मोजलेला आकडा माणसाला पटतो, कचेरीतून आलेल्या आकड्याबद्दल तसं सांगता येत नाही.

दुसरं आपल्याच पुरंदर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे नायगावला गेले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. उसाला पाणी नाही. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा वाटा.

ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला या हिशेबात जागा कुठे?

पाणी पंचायतीचं ते शेवटचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण बहुतेक ताळेबंद इथेच लंगडे पडतात. पाणी वाचवताना श्रम भूमिहीनांचे. चराई बंद झाली तर शेळ्या त्यांच्या उपाशी. आणि वाढलेलं पाणी कुणाच्या विहिरीत? बागायतदाराच्या. मग त्यांनी नियम का पाळावेत? पाण्याचा वाटा देणं जमत नसेल, तर गायरानातल्या चाऱ्यावर पहिला हक्क, तलावातल्या मासेमारीचा ठेका, शेळ्यांसाठी राखून ठेवलेली जागा, असं काहीतरी ठरावात लिहिलं पाहिजे. बायकांच्या बाबतीतही तेच. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यावी लागते. पिण्याचं पाणी कोणत्या विहिरीचं राखून ठेवायचं, हे तिथे ठरलं तर ते खरं ठरेल. हंडा कुठे आणि कोणत्या महिन्यात रिकामा राहतो, हे त्यांना कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा नेमकं माहीत असतं.

खालच्या गावाचं काय?

ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाने थेंब न् थेंब अडवला, तर खालच्या गावाच्या तलावात काय येणार? खडकातलं पाणी ग्रामपंचायतीची हद्द ओळखत नाही. म्हणून २००९ च्या कायद्यात गावाऐवजी पाणलोट क्षेत्राच्या समितीची कल्पना आहे. एकाच ओढ्यावरची गावं एकत्र बसून हिशेब करतील, अशी. प्रत्यक्षात हे फार थोड्या ठिकाणी जमलं आहे. एका गावात एकमत करणं अवघड, पाच गावांत त्याहून कितीतरी. तोवर निदान वरच्या गावाने आपल्या तक्त्यात ‘शिवाराबाहेर सोडलेलं पाणी’ अशी एक ओळ ठेवावी आणि ती शून्य होऊ देऊ नये.

सुरुवात करायची तर?

लागणारं साहित्य थोडं आहे. एक साधा पर्जन्यमापक, शाळेच्या पटांगणात, उघड्या जागेवर, झाडापासून आणि भिंतीपासून दूर. रोज सकाळी साडेआठला नोंद, हवामान खातं घेतं तशीच. हे काम वरच्या वर्गातली मुलं उत्तम करतात. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून आठ-दहा विहिरी निवडायच्या, आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, मोटार चालू नसताना, पहाटे टेपने पातळी मोजायची. विहिरी, बोअर, जनावरं आणि पिकांखालचं क्षेत्र यांची गणना तलाठी आणि कृषी सहायकाला सोबत घेऊन एकदा नीट करायची. मुरण्याचं प्रमाण आणि पिकांची गरज यांचे स्थानिक आकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे मागता येतात.

पहिल्या वर्षीचा हिशेब चुकणार, हे धरूनच चालावं. वर वापरलेला दहा टक्क्यांचा आकडा तुमच्या शिवारात आठ असेल किंवा बारा. मे महिन्यात विहिरींची पातळी पुन्हा मोजली, की हिशेबात किती शिल्लक निघाली होती आणि प्रत्यक्षात किती राहिली ते समोर येतं. फरक जास्त आला, तर पुढच्या ऑक्टोबरला मुरण्याचं प्रमाण त्यानुसार दुरुस्त करायचं. तीन-चार पावसाळे असं केलं, की गावाला स्वतःचा आकडा सापडतो. ग्रामसभा तयार नसेल, तर एकाच ओढ्याच्या काठावरच्या पाच-सहा विहीरमालकांनी आपसात सुरुवात करावी. आंध्रातही आधी मोजणारे थोडेच होते. त्यांच्या वह्या चावडीवर वाचल्या जाऊ लागल्या, तसे बाकीचे आपल्या विहिरीत टेप सोडायला लागले.